नगर, नागरिक आणि चवदार तळे

शाळेत मी बरीच वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. महाडच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणारी मुले समोर असत. एकदा आठवीच्या वर्गात ‘नागरिक’ या शब्दाची फोड करून सांगत होतो. नगरावरून नागर, नागरावरून नागरिक. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, नगरात राहतो तो नागरिक, तर मग आम्ही वाडीतली माणसं कोण?” वर्ग हसला. मी पुस्तकातले उत्तर दिले. राज्यघटनेच्या ५ ते ११ या कलमांत नागरिकत्वाची तरतूद आहे, तिच्यानुसार आपण सर्व भारताचे नागरिक आहोत, मग कुणी वाडीत राहो की मुंबईत. उत्तर बरोबर होते. मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते आणि खरे म्हणजे माझेही झाले नव्हते. कारण त्याने जे विचारले होते ते कलमांविषयी नव्हते. नगरात राहणे आणि नागरिक असणे यांचा एकमेकांशी संबंध काय, असा तो प्रश्न होता. आमच्या शाळेपासून काही मैलांवर या प्रश्नाचे उत्तर शोधताना माणसांनी डोकी फोडून घेतली आहेत. तो इतिहास मी त्या दिवशी त्या मुलाला सांगायला हवा होता. तो आता येथे मांडतो.

१

प्रथम शब्दाकडेच पाहू. आज ‘नागरिक’ या शब्दाने जो अर्थ आपल्या मनात उभा राहतो, तो जुन्या ग्रंथांतून आलेला नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘नागरक’ येतो, तो शहरात राहणारा, खाऊनपिऊन सुखी, कलांचा शौक करणारा सद्‌गृहस्थ म्हणून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला ‘नागरिक’ हा तर नगराचा कारभार पाहणारा सरकारी अधिकारी आहे. त्याच अर्थशास्त्रात नगराची आखणी सांगताना कोणत्या वर्णाने कोणत्या दिशेला राहावे हे नेमून दिले आहे आणि चांडाळांची वस्ती स्मशानाच्या कडेला ठेवली आहे. म्हणजे आपल्या परंपरेत नगर होते, नगराचा शौकीन होता, नगराचा अधिकारी होता. मात्र नगरावर समान हक्क सांगणारा माणूस नव्हता. नगराला सफाईसाठी, प्रेते वाहण्यासाठी ज्यांची गरज होती, त्यांना नगराने आपल्या वेशीबाहेर बसवले होते.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. ज्या ग्रीसला नागरिकत्वाचे माहेर म्हणतात, त्या अथेन्स शहरात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या लोकांचा एक मोठा वर्ग होता. ते शहरात धंदा करीत, कर भरीत, युद्ध आले की शहरासाठी लढत. परंतु सभेत त्यांना मत नव्हते आणि जमीन धारण करण्याचा हक्क सहसा मिळत नसे. गुलामांची आणि स्त्रियांची तर गोष्टच नको. याचा अर्थ असा की शहराचा रहिवासी आणि शहराचा नागरिक हे दोन वेगळे प्राणी आहेत. रहिवासी शहरात राहतो. नागरिक मात्र शहरातले जे सर्वांचे आहे त्यात आपलाही वाटा आहे असे म्हणू शकतो, आणि त्याचे म्हणणे इतरांना ऐकावे लागते. या दोघांमधले अंतर आपोआप कधीच मिटत नाही. ते कसे मिटवावे लागते, हे महाडने दाखवले.

२

सावित्री नदीच्या काठी वसलेले महाड हे जुने व्यापारी गाव. खाली दासगावपर्यंत खाडीतून बोटी येत आणि तेथून माल महाडच्या बाजारात जाई. तालुक्याची कचेरी येथे, न्यायालय येथे, नगरपालिका येथे. कुलाबा जिल्ह्यातले (१९८१ पासून याला आपण रायगड म्हणतो) हे शहर आसपासच्या खेड्यांतल्या महारांना टाळताच येत नव्हते. बाबासाहेबांनी महाडविषयी लिहिताना नेमके हेच सांगितले आहे. अस्पृश्य महाडला बाजाराला येत, आणि वतनी चाकर म्हणूनही येत. गावच्या अधिकाऱ्यांची पत्रे कचेरीत पोचवणे, गावात गोळा झालेला सारा सरकारात भरणे ही कामे त्यांची. म्हणजे ज्या पैशावर राज्य चालत होते तो पैसा ज्याच्या हातून कचेरीत पोचे, त्याला त्या शहरात घोटभर पाणी मिळत नव्हते. बाहेरून आलेल्या माणसाला पाणी मिळेल असे एकच सार्वजनिक ठिकाण होते, ते म्हणजे चवदार तळे, आणि ते त्याला बंद होते. महारवाड्यात एक विहीर होती. ती बाजारापासून लांब, आणि नगरपालिकेने लक्ष न दिल्यामुळे गाळाने भरलेली.

या एका चित्रात नगर आणि नागरिकत्व यांचा सगळा गुंता आहे. महार शहराला हवा होता. त्याचे श्रम हवे होते, त्याने आणलेला सारा हवा होता. पण शहराच्या पाण्यावर त्याची सावली नको होती.

याची पहिली जाणीव सत्याग्रहाच्या किती तरी आधी याच भागातल्या एका माणसाने बोलून दाखवली. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढूळचे, लष्करातून निवृत्त झालेले. १८८८ च्या सुमारास त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला शास्त्रार्थाच्या मैदानात आव्हान दिले. पुढे १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा बोर्डावरच्या इतर सभासदांना ती रुचली नाही. सरकारने खुर्ची दिली होती, पण शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याने ती मानली नव्हती. हा प्रसंग लहान वाटेल, परंतु पुढच्या सगळ्या लढ्याचे सूत्र त्यात आहे. वरून मिळालेला हक्क आणि शेजाऱ्याने मानलेला हक्क यांत एक खोल दरी असते.

३

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले व चालवलेले, किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. ‘सार्वजनिक’ या शब्दाची इतकी स्वच्छ व्याख्या आपल्याकडे त्याआधी क्वचितच कुणी केली असेल. जे सर्वांच्या पैशावर आणि कायद्यावर उभे आहे ते सर्वांचे. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले.

आणि तीन वर्षे काही झाले नाही. कागद कपाटात राहिला आणि तळे होते तिथेच राहिले. एकही महार तळ्यावर गेला नाही. जाणार कसा? नगरपालिकेचा ठराव त्याचे संरक्षण करायला काठावर उभा राहणार नव्हता. काठावर उभी होती ती रूढी. तळ्याभोवती चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते होते आणि रस्त्यांपलीकडे बहुतेक घरे स्पृश्यांची. मुसलमान तळ्याचे पाणी वापरीत, जनावरे पीत. ठराव होऊनही हा क्रम बदलला नव्हता.

म्हणून १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यामागे धडपडले ते दासगावचे तरुण रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सहकारी. नगरपालिकेतले सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे हेही सोबत होते. परिषदेला जमलेल्या लोकांसाठी पाणी कोठून आणायचे? धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदले आहे की चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. गावात चार-पाच एकरांचे तळे आहे, ते खुले केल्याचा ठराव आहे, आणि पाणी मात्र विकत! ठराव आणि हक्क यांतले अंतर इतके मोजून कुणी दाखवले नसेल. ते चाळीस रुपयांचे होते.

२० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळीने तळ्याचे पाणी प्यायले. मागोमाग हजारो लोक प्यायले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली. मंडपात जेवत असलेल्यांवर, गावाकडे परतणाऱ्यांवर काठ्या चालल्या. मग तळ्यात पंचगव्य घालून, मंत्र म्हणून पाणी ‘शुद्ध’ करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. नगरपालिका ही शहराच्या लोकशाहीची पहिली पायरी असे आपण मुलांना शिकवतो. तिने बहुमताने हक्क दिला आणि बहुमताने काढून घेतला. जो हक्क बहुमताने देता येतो आणि बहुमताने काढता येतो त्याला हक्क म्हणायचे का? ती मेहेरबानी झाली. आणि हे बहुमत तरी कुणाचे? त्या काळी मताचा अधिकार मालमत्तेशी आणि कराशी बांधलेला होता. ज्यांचे पाणी अडवले होते त्यांच्यापैकी मतदारयादीत कितीसे असणार?

४

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, ती प्रत्यक्ष सत्याग्रहासाठी. त्याआधी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही स्पृश्यांनी दिवाणी न्यायालयात दावा गुदरला आणि १४ तारखेला बाबासाहेबांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेब २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले आणि प्रतिनिधींसह चालत महाडला आले. परिषदेसाठी जागा दिली ती एका मुसलमान गृहस्थाने. हिंदूंपैकी कुणी दिली नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्यात आली. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी महाडच्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. ही तुलना वक्तृत्वासाठी नव्हती. त्या फ्रेंच सभेने जो जाहीरनामा काढला तो ‘माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा’ होता. हे दोन्ही शब्द तेथे शेजारी शेजारी आहेत. महाडची मागणीही तीच होती. पाण्याला मज्जाव आहे म्हणून आम्ही तहानेने मरतो असे नव्हे, तर आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करायचे आहे.

न्यायालयाचा हुकूम होता म्हणून सत्याग्रह तहकूब झाला. अनेकांना तेव्हा ते पटले नाही. मनाई हुकूम मोडून पुन्हा पाणी प्यावे, असे लोक म्हणत होते. बाबासाहेबांनी मात्र न्यायालयाची वाट धरली. ती लांबची होती, पण तिने जे हाती दिले ते एका ओंजळीत मावणारे नव्हते.

दाव्यात वादींचे म्हणणे होते की तळ्यावर स्पृश्यांचाच हक्क आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून आहे. आता हे सिद्ध करायचे होते पुराव्याने, कागदपत्रांनी, साक्षीदारांच्या उलटतपासणीने. गावकीत ‘पूर्वापार’ एवढा शब्द उच्चारला की वाद संपतो. न्यायालयात तो शब्द उच्चारला की वाद सुरू होतो. पूर्वापार म्हणजे केव्हापासून? कशावरून? ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. अस्पृश्य आजवर तळ्यावर आले नाहीत हे खरे, परंतु ते विटाळाच्या समजुतीमुळे आले नाहीत म्हणून त्यांना अडवण्याचा कायदेशीर हक्क दुसऱ्यांना मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या न्यायालयात वादी हरले. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी तोच निर्णय कायम केला. अनादि रूढी सिद्ध झाली नाही. पहिली ओंजळ भरल्याला त्या दिवशी दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस उरले होते.

माझ्या मते महाडच्या लढ्यातले हे सर्वांत कमी वाचले गेलेले पान आहे. आपण ओंजळीचे गाणे गातो. निकालपत्र वाचत नाही. या निकालपत्रात नगराचा खरा उपयोग कळतो. नगर म्हणजे उंच इमारती आणि दिव्यांचे खांब नव्हेत. जेथे मालकीची नोंद असते, ठरावाची नक्कल असते, आणि ‘असेच चालत आले आहे’ म्हणणाऱ्याला ‘सिद्ध करा’ असे सांगता येते, ती जागा म्हणजे नगर. रूढीला पुरावा मागता येतो तेथे नागरिकत्वाला पाय ठेवायला जागा मिळते. पण एवढे मात्र विसरू नये की तो पुरावा कुणी तरी मागावा लागला. १९२७ ची ओंजळ भरली नसती तर १९३७ चा निकाल लागलाच नसता.

५

हे धैर्य आले कोठून? त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. कोकणातला महार गिरणीत, गोदीत, रेल्वेत, लष्करात गेला. रोख पगार हाती आला, बलुत्याचा तुकडा सुटला. ट्रामच्या बाकावर शेजारी बसलेल्याने जात विचारली नाही. चाळीत पुस्तके वाचली गेली, सभा झाल्या. गावी शिमग्याला परत आलेला ‘मुंबईकर’ जोहार घालायला कचरू लागला. महाडच्या मंडपात खेड्यांतले लोक होते तसे हे मुंबईकरही होते. म्हणून बाबासाहेब दलितांना शहराकडे वळा असे सांगत, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत फटकारले.

परंतु शहराची आरतीही ओवाळण्याचे कारण नाही. त्याच मुंबईत कापड गिरणीच्या विणखात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि त्या धाग्याला विटाळ होई! विणखात्यात पगार जास्त होता हे ध्यानात घेतले की विटाळाचे अर्थशास्त्रही कळते. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. ब्रिटिश अमदानीत अनेक नगरपालिका कायद्यांत सफाई कामगाराने सूचना न देता काम सोडणे हा शिक्षेला पात्र असा गुन्हा होता. दुकानदार दुकान बंद करू शकत होता, कारकून राजीनामा देऊ शकत होता. शहराची घाण उचलणारा मात्र काम टाकून गेला तर गुन्हेगार. कौटिल्याने वेशीबाहेर बसवलेल्यांना आधुनिक शहराने आत घेतले, हजेरीपटावर नाव घातले, आणि जागा तीच ठेवली.

तेव्हा शहर दलिताला आपोआप नागरिक बनवते हे खोटे. शहर त्याला ओळख लपवायची सवलत देते. लपवलेली ओळख म्हणजे नागरिकत्व नव्हे. आपली ओळख सांगूनही ज्याचे पाणी अडत नाही तो नागरिक.

६

महाडला जे नगरपालिकेच्या बहुमतावर सोडले होते ते राज्यघटनेने बहुमताच्या हातातून काढून घेतले. १५ व्या कलमाचे दुसरे उपकलम वाचा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशावर चालणाऱ्या, किंवा जनतेला वाहिलेल्या तलावांचा तेथे उल्लेख आहे. बोले ठरावाची भाषा आणि चवदार तळ्याचे पाणी यांची ओल मला त्या कलमात जाणवते. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलले: नागरी हक्क संरक्षण कायदा. हा नावातला बदल वरवरचा नाही. विटाळ हा आता केवळ दलितांवरचा अन्याय राहिला नाही. तो नागरिकत्वाविरुद्धचा गुन्हा ठरला.

१ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. नगरपालिकांत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. ज्या लोकल बोर्डात गोपाळबाबांची एक खुर्ची शेजाऱ्यांना सलत होती, त्या मुलखातल्या नगरपालिकांत आज आमच्या बहिणी नगरसेविका म्हणून बसतात. ही लहान गोष्ट नाही. तरी माझे जुने वाक्य मला येथेही बदलता येत नाही. वरून मिळालेली खुर्ची आणि शेजाऱ्याने मानलेली खुर्ची यांतली दरी अजून आहे. हाताने मैला साफ करण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली आणि २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. तरी गटारात गुदमरून माणसे मरतात, आणि ती कोणत्या वस्तीतली असतात हे सांगावे लागत नाही. झोपडपट्टीतल्या माणसाला आपण अमुक तारखेपूर्वीपासून या शहरात आहोत हे कागदाने सिद्ध करावे लागते. काळाची गंमत पाहा. तेव्हा पुरावा रूढी सांगणाऱ्याकडे मागितला गेला होता. आता तो शहर बांधणाऱ्याकडे मागितला जातो.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. २० मार्चला महाडला जरूर या. तळ्यावर उभे राहा. पण परत गेल्यावर आपल्या गावच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जा आणि ठरावांची वही मागा. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने ती तुम्हाला दाखवावीच लागते. आपल्या वस्तीसाठी कोणते ठराव झाले, त्यांतले किती कपाटातच राहिले, दलित वस्तीसाठी मंजूर झालेला पैसा कोठे खर्च झाला, नळाची वाहिनी कोणत्या कोपऱ्यावर येऊन थांबली, हे लिहून काढा. महाडचा ठराव तीन वर्षे कपाटात होता. असे ठराव प्रत्येक गावच्या कपाटात आहेत.

त्या मुलाला मी आज काय उत्तर देईन? मी म्हणेन, बाळा, नगरात राहतो म्हणून कुणी नागरिक होत नाही. तसे असते तर महाडचा महारवाडा केव्हाच नागरिक झाला असता. १९२७ साली जी माणसे त्या तळ्यात उतरली त्यांतली कितीतरी तुझ्यासारखीच वाडीतली होती. महाडला त्यांचे घर नव्हते, तेथे त्यांना मत नव्हते. तरी त्या दुपारी त्या शहरातले खरे नागरिक तेच होते, कारण जे सर्वांचे आहे ते सर्वांचेच आहे, एवढे ते म्हणाले आणि पाण्यात हात घातला. तुझ्या वाडीला येणारे पाणी कुठे अडते ते आधी बघून ये. मग आपण पुढचा धडा घेऊ.